हेर जिवंत ठेवा, लेखकाचं सोंग मात्र नको

प्रति,
दिवंगत लेखकांच्या हेरकथा पुढे चालवणारे वारस, हक्क सांभाळणाऱ्या कंपन्या आणि प्रकाशक,
मुक्काम लंडन, न्यूयॉर्क किंवा जिथे असाल तिथे.

विषय : पुढचं पुस्तक कोणाला लिहायला द्यावं आणि वर नाव कोणाचं छापावं, याबद्दल.

स. न. वि. वि.

गिऱ्हाइकाने दुकानदाराला चार शब्द सुनावले तर राग मानू नये. त्यातून मी जुनी गिऱ्हाईक. लेखक गेला, हेर मागे राहिला आणि मग दुसऱ्याच कोणीतरी त्या हेराला पुढे पळवलं, अशी पुस्तकं मी वर्षानुवर्षं वाचत आलेय. काही कोरी, पूर्ण किमतीची. बरीचशी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर घासाघीस करून घेतलेली. त्यांतल्या निम्म्या पुस्तकांनी पैसे वाया घालवले. तरी नवीन आलं की हात जातोच, आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तुमचा सगळा हिशोब त्या हातावरच बेतलेला असतो.

आत्ता लिहायला बसले ती निक हार्कवे यांची 'कार्लाज चॉइस' वाचून. जॉन ल कारे डिसेंबर २०२० मध्ये गेले. त्यांचा ब्रिटिश हेर जॉर्ज स्मायली २०२४ मध्ये त्यांच्या मुलाने, म्हणजे याच हार्कवे यांनी, पुन्हा कामाला लावला. बातमी वाचली तेव्हा कपाळाला आठ्या पडल्या होत्या. बापाची गादी मुलाने चालवायची हे आमच्याकडे राजकारणात आणि सिनेमात रोज बघतो, त्याचं कौतुक सरलंय. पुस्तक मात्र चांगलं निघालं. नुसतं चांगलं नाही, तुमच्यापैकी बाकीच्यांना लाजवेल इतकं चांगलं. ते का जमलं आणि तुमची इतकी बाकीची का फसतात, यावर बोलायचंय.

आधी वाईटाचं सांगून मोकळी होते. रॉबर्ट लडलम यांनी जेसन बोर्न या हेराच्या तीन कादंबऱ्या लिहिल्या : १९८०, १९८६ आणि १९९०. ते २००१ मध्ये वारले. २००४ पासून एरिक व्हॅन लस्टबाडर यांनी बोर्न हाती घेतला आणि २०१७ पर्यंत अकरा पुस्तकं काढली. जन्मदात्याची तीन, पालकाची अकरा! त्यांतलं एक माझ्या कपाटात आहे. मुखपृष्ठावर लडलम यांचं नाव सोनेरी, उठावाच्या अक्षरांत; डोळे मिटून अंगठा फिरवला तरी वाचता येईल. ज्याने रात्री जागून चारशे पानं लिहिली त्या माणसाचं नाव खाली, बारीक आणि सपाट. त्यावरून अंगठा फिरवला तर काहीच लागत नाही. स्टेशनवर गाडी सुटायच्या घाईत पुस्तक उचलणाऱ्याला लडलम यांचंच नवं पुस्तक मिळालं असं वाटावं, याचसाठी ही मांडणी केलीय, हे कळायला छपाईतलं काही कळावं लागत नाही.

पण माझी खरी तक्रार आतल्या पानांबद्दल आहे. पहिल्या कादंबरीत स्मृती गेलेला एक माणूस झुरिकमध्ये एका कॅनेडियन अर्थतज्ज्ञ बाईला बंदुकीच्या धाकाने ओढून नेतो. ती मारी. पुढे तीच त्याला माणसांत आणते, त्याची बायको होते. बोर्न हा मारीमुळे बोर्न आहे; ती नसेल तर उरतो तो नुसता बंदूकवाला. नव्या मालिकेत सुरुवातीलाच बोर्नचे दोन जुने आधार, ॲलेक्स कॉन्क्लिन आणि डॉक्टर मो पॅनोव्ह, यांना उडवलं. मारीच्या वाट्याला तर तेवढाही प्रसंग आला नाही. एका पुस्तकात ती आहे, पुढचं उघडलं तर ती वारलेली. दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत! नायक मोकळा हवा होता, नवीन बाया आणायच्या होत्या, म्हणून ही सोय. ज्या वाचकाने तीन जाडजूड पुस्तकं तिच्या जिवाला घोर लावून वाचली, त्याला साधं सुतकही पाळू दिलं नाही तुम्ही.

हे असं होणारच होतं, कारण बोर्नकडे शिल्लक काही नव्हतं. मी कोण, हा त्याचा प्रश्न पहिल्या पुस्तकात सुटला. कार्लोस या दहशतवाद्याशी त्याचं वैर होतं, ते लडलम यांनी तिसऱ्यात संपवलं. (खरा कार्लोस तेव्हा जिवंत होता आणि मोकळा होता, तो १९९४ मध्ये सुदानमध्ये पकडला गेला. लडलम यांनी इतिहासाच्या आधीच त्याचा निकाल लावून टाकला, याची मला गंमत वाटते.) म्हणजे लेखकाने दुकान आवरून, कुलूप लावून किल्ली ठेवली होती. तुम्ही कुलूप तोडून आत शिरलात तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या. मग दर पुस्तकात नवा कट, नवा विषाणू, नवं शहर, आणि बोर्न दम लागेपर्यंत धावतोय. कशासाठी ते त्यालाही माहीत नाही.

आता स्मायलीकडे बघा.

ल कारे यांनी एक मोठी जागा मोकळी सोडली होती. 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' १९६३ मध्ये आली. तिच्या शेवटी ब्रिटिश हेर ॲलेक लीमस बर्लिनच्या भिंतीपाशी मरतो आणि भिंतीच्या पलीकडून ऐकू येतो तो स्मायलीचा आवाज. त्यानंतर 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' आली १९७४ मध्ये. तिथे स्मायली नोकरीतून फेकला गेलेला आहे, बायको ॲन सोडून गेलीय, आणि मॉस्कोत बसलेला कार्ला नावाचा रशियन हेरप्रमुख त्याच्या सगळ्या आयुष्याला पुरून उरलाय. भिंतीपाशी हात माखलेला स्मायली आणि हा थकलेला, फसवला गेलेला स्मायली यांच्या मधे काय घडलं? आणि कार्ला एवढा मोठा कधी झाला? ल कारे यांनी हे सविस्तर कधी सांगितलं नाही. हार्कवे नेमके त्या जागेत जाऊन बसले. त्यांची कादंबरी १९६३ च्या वसंतात घडते.

या वैराची सुरुवात आपल्या दिल्लीत झालेली आहे, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवं. 'टिंकर टेलर'मध्ये स्मायली एका रात्री आपला सहकारी पीटर गिलमला ती हकीकत सांगतो. १९५५ चा उन्हाळा, दिल्लीचा तुरुंग, घामाघूम झालेला जाडसर इंग्रज अधिकारी आणि समोर एक लहानखुरा रशियन कैदी. मॉस्कोला परत गेलास तर गोळी घालतील, आमच्याकडे ये, असं स्मायली परोपरीने सांगतो. कैदी तोंड उघडत नाही. समोरचा गप्प बसला की माणूस जास्त बोलतो. स्मायली बोलता बोलता स्वतःच्या बायकोवर घसरतो, स्वतःचंच दुखणं उघडं करतो. कैदी दुसऱ्या दिवशी विमानात बसून मॉस्कोला जातो. जाताना स्मायलीचा लायटर घेऊन जातो, ॲनने दिलेला, तिचे प्रेमाचे शब्द कोरलेला. कार्ला तो हाच. त्या दिवशी त्याला कळलेला स्मायलीचा दुबळा कोपरा त्याने पुढे बरोबर वापरला. चौकशी करणाऱ्याचीच चौकशी होऊन जाते, असा हा प्रसंग आहे आणि दिल्लीच्या उकाड्याशिवाय तो घडलाच नसता असं मला नेहमी वाटत आलंय.

तर १९६३. स्मायलीने नोकरी सोडलीय. लीमसचं मरण त्याला पचलेलं नाही. ॲनबरोबर चार दिवस बरे चाललेत. अशात लंडनमध्ये एक रशियन मारेकरी बानाती नावाच्या हंगेरियन गृहस्थाला ठार मारायला येतो. हे बानाती साहित्यिक एजंट म्हणून काम करतात. मारेकरी त्यांच्या ऑफिसात पोचतो आणि तिथल्या सुझॅना गेरो या तरुण मदतनीस बाईला चक्क सांगून टाकतो की मी मारायला आलो होतो, पण आता विचार बदललाय. बानाती मात्र गायब. सुझॅना स्वतः हंगेरीतून पळून आलेली. १९५६ मध्ये रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले तेव्हापासून अशी कितीतरी माणसं लंडनमध्ये येऊन राहिली होती. ही बाई घाबरत नाही. दाराला कडी लावून रडत बसत नाही. काय करायला हवं ते ती करते. आणि मग सर्कसचा (ल कारे यांच्या पुस्तकांत ब्रिटिश गुप्तहेर खात्याचं हे नाव) प्रमुख, म्हणजे कंट्रोल, स्मायलीला निरोप धाडतो : एवढी एक मुलाखत घेऊन दे, बस्स.

एवढी एक मुलाखत! सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या कोणालाही विचारा, 'जरा एवढं बघून द्या' म्हणजे काय असतं ते.

पुढची गोष्ट सांगत नाही. सांगण्यासारखं आहे ते हार्कवे यांनी वाचकाला आधीच असलेल्या माहितीचा वापर कसा केला ते. बिल हेडन या पुस्तकात आहे. देखणा, बोलघेवडा, सगळ्यांचा लाडका. 'टिंकर टेलर' वाचलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की हा घरभेदी आहे, कार्लाचा माणूस आहे. स्मायलीला ते कळायला अजून दहा वर्षं आहेत. तो त्याच्याशी सहकाऱ्यासारखा बोलतो. आपण हातातलं पुस्तक घट्ट धरून बसतो. हेडन नुसता दारातून डोकावून 'काय चाललंय' म्हणाला तरी पोटात गोळा येतो. यात गोळीबार नाही, पाठलाग नाही, लेखकाला एक वाक्यसुद्धा जास्त लिहावं लागत नाही. सगळी भीती वाचक घरून घेऊन आलेला असतो. ॲनच्या बाबतीत तेच. नवरा-बायको सुखात आहेत आणि आपल्याला पुढचं माहीत आहे, म्हणून ती सुखाची पानंच जड जातात. ही गोष्ट मूळ लेखकाला शक्यच नव्हती. १९६३ मध्ये वाचकाला पुढचं काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्याची मालिका पुढे नेणाऱ्याच्या हातात हे एक हत्यार असतं जे पहिल्याकडे नसतं. तुमच्या किती लेखकांना ते आपल्या हातात आहे याची जाणीव तरी असते?

त्यात काळही अचूक धरलाय. किम फिल्बी हा रशियासाठी हेरगिरी करणारा ब्रिटिश गुप्तहेर जानेवारी १९६३ मध्ये बैरूतहून नाहीसा झाला आणि मॉस्कोत उगवला. ज्या खात्यात स्वतः ल कारे तेव्हा नोकरीला होते, त्या खात्याला आपल्याच माणसाकडे संशयाने बघायची पाळी आली होती. हेडनमागे फिल्बीची सावली आहे, हे सगळे जाणतात. त्या वसंतातली सर्कस उभी करताना हार्कवे यांना सन-तारखांची आरास मांडावी लागली नाही, पण हवा तीच आहे.

दोष आहेतच. उत्तरार्धात धावपळ वाढते, आणि तिथे मला दोन-तीनदा वाटलं की बाप इथे एका खोलीत दोन माणसं समोरासमोर बसवून भागवून गेला असता. स्मायली थोडा जास्त प्रेमळ झालाय. कदाचित मुलाच्या आठवणीतला बाप त्यात मिसळला असेल, तो हक्क त्याला आहे. मुखपृष्ठावर 'जॉन ल कारे कादंबरी' असे शब्द आहेत, ते मला खटकलेच. पण निक हार्कवे हे नाव पुढे, स्वच्छ, वाचता येईल असं आहे. हा गृहस्थ २००८ पासून स्वतःच्या कादंबऱ्या लिहितोय, बापाच्या वळणापासून शंभर कोस लांबच्या, आणि बापाचं टोपणनाव त्याने कधी लावलं नाही. लिहिण्याची स्वतःची चाल असलेला माणूस दुसऱ्याच्या घरात गेला तर वाकून चालत नाही. पानोपानी ते जाणवतं.

आणि वाक्यं जुळवून ल कारेसारखी केलेली नाहीत, हे मला सगळ्यांत आवडलं. तिथीवार जुळणीचं वेडही नाही. ते परवडणारंही नव्हतं म्हणा. खुद्द ल कारे यांनी पहिल्या पुस्तकात स्मायलीला १९२८ मध्ये खात्यात भरती केलं आणि पुढे तो फारच म्हातारा होईल हे लक्षात येताच गुपचूप काही वर्षांनी तरुण केला. जन्मदात्याला जन्मतारखेची पर्वा नव्हती, तर तुमच्या त्या 'सलगता तपासनीस' मंडळींनी रात्ररात्र जागून काय उपयोग?

आता बाँडचा हक्क सांभाळणाऱ्यांकडे वळते. तुम्ही या धंद्यात फार जुने. इयान फ्लेमिंग ऑगस्ट १९६४ मध्ये गेले, आणि १९६८ मध्ये तुमची पहिली नवी बाँडकथा आली : 'कर्नल सन'. लेखक किंग्ज्ली एमिस, त्या काळचे मोठे कादंबरीकार. पण पुस्तकावर नाव रॉबर्ट मार्कहॅम. या एकाच बनावट नावाखाली पुढे निरनिराळ्या लेखकांकडून बाँड लिहून घ्यायचा तुमचा बेत होता. फ्लेमिंग यांच्या पत्नीला हा सगळा प्रकार नापसंत होता, हेही जगजाहीर आहे. पहिल्याच पावलाला मुखवटा! गंमत म्हणजे पुस्तक वाईट नव्हतं. एमिस यांनी फ्लेमिंगवर अख्खं पुस्तक लिहून त्यांचा अभ्यास केलेला होता, आणि बाँडचा वरिष्ठ एम याला त्याच्याच घरातून पळवून नेण्याचा प्रसंग आजही अंगावर येतो. त्यातल्या छळाच्या प्रसंगाचा आधार २०१५ च्या 'स्पेक्टर' चित्रपटाने घेतला आणि श्रेयनामावलीत एमिस यांच्या वारसांचे आभार मानले. मार्कहॅमचे नाही. मुखवटा कोणाच्या लक्षात राहत नाही, माणूस राहतो.

नंतर जॉन गार्डनर आले, १९८१ ते १९९६, सोळा पुस्तकं. बाँडला साब गाडीत बसवलं एवढंच मला त्यांतलं धड आठवतं. रेमंड बेन्सन यांनी एका कथेत त्याला कांचनजंगा चढायला लावला, ते वाचताना मजा आली होती, नाकारत नाही. जेफ्री डीव्हर यांनी २०११ मध्ये बाँड नव्याने जन्माला घातला, अफगाणिस्तानात लढून आलेला तरुण. तो बाँड होता की दुसराच कोणी, शेवटपर्यंत कळलं नाही.

पण २००८ बद्दल मात्र बोलायलाच हवं. फ्लेमिंग यांची जन्मशताब्दी. तुम्ही सेबॅस्टियन फॉक्स यांच्यासारखा कसलेला लेखक बोलावलात आणि पुस्तकावर छापलंत : सेबॅस्टियन फॉक्स, इयान फ्लेमिंग म्हणून लिहिताना. म्हणजे सोंग उघड करून वर त्याचीच जाहिरात. १९६७ चा काळ, इराण, राक्षसी हाताचा खलनायक, टेनिसचा सामना, सगळं मोजून मापून घातलेलं. मला ते वाचताना सारखं वाटत होतं की लेखक खांद्यावरून मागे बघतोय, जमलं का, जमलं का. फ्लेमिंग असे बघत नसत. ते बेदरकार होते, अनेकदा उर्मट आणि अन्यायी होते, पण त्यांचं लिहिणं त्यांचं होतं. ज्याला नक्कल करायला सांगितलंय त्याच्याकडून बेदरकारपणा कुठून येणार?

याच्या उलट तुमचंच पाच वर्षांनंतरचं पुस्तक घ्या. विल्यम बॉइड यांचं 'सोलो'. काळ १९६९, बाँडने पंचेचाळिशी गाठलीय. बॉइड यांचा जन्म घानात अक्राचा, बालपण पश्चिम आफ्रिकेत गेलं, नायजेरियातलं बियाफ्राचं युद्ध त्यांच्या पिढीने जवळून पाहिलं. त्यांनी बाँडला पश्चिम आफ्रिकेतल्या एका काल्पनिक देशात यादवीच्या मधोमध नेऊन सोडला. भुकेने पोट फुगलेली पोरं त्याला बघायला लागतात. ही फ्लेमिंगची आफ्रिका नाही. 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये फ्लेमिंग काळ्या माणसांबद्दल ज्या सुरात लिहितात तो आज वाचवत नाही. २०२३ मध्ये तुम्हीच त्यातले काही शब्द काढून नव्या आवृत्त्या आणल्यात. शब्द खोडून काय साधलं? जुना लेखक चुकला असेल तर त्याला जाब विचारायला जिवंत लेखक आहे ना तुमच्याकडे. बॉइड यांनी एका अक्षराची खोडाखोड न करता फ्लेमिंगच्याच नायकाला तिथे नेऊन ते केलं. मूळ पुस्तक जसं होतं तसं राहू द्या, आणि उत्तर द्यायचं काम नव्यावर सोपवा.

तुम्ही म्हणाल, बाई, धंदा असा चालत नाही. मोठं नाव वर असल्याशिवाय दुकानदार पुस्तक पुढे मांडत नाही. नवी पुस्तकं येत राहिली की जुनी छापत राहायला परवडतं. हे मला मान्य आहे, आणि 'कार्लाज चॉइस'नंतर मी स्वतःच 'टिंकर टेलर' पुन्हा काढून वाचली, म्हणजे हिशोब बरोबरच आहे. पैसे मिळवू नका असं माझं म्हणणं नाही.

उलट तुम्ही नसता तर काय होतं तेही आम्ही या उपखंडात पाहिलंय. इब्ने सफी हे मूळचे अलाहाबादकडचे, १९५२ मध्ये कराचीला गेलेले उर्दू लेखक. त्यांचा इम्रान हा वरून येडबंबू आणि आतून पोचलेला गुप्तहेर. १९६० च्या सुमारास सफी आजारी पडले, तीनेक वर्षं लेखणी बंद. तेवढ्यात बाजारात त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं लावून इम्रानच्या कथा पाडणाऱ्यांचं पेवच फुटलं. ते बरे होऊन परतले, तरी ही पैदास थांबली नाही. पुढे मुलतानचे मजहर कलीम यांनी मात्र स्वतःच्या नावावर इम्रानच्या शेकड्यांनी कथा लिहिल्या, त्याला नवे शत्रू दिले, नवी हत्यारं दिली, आणि पाकिस्तानात कित्येक वाचकांची पिढी त्यांच्याच इम्रानवर वाढली. सफींचे जुने वाचक त्यावर नाक मुरडतात. मुरडोत. कलीम यांनी आपलं नाव लपवलं नाही, सफींचा अंगरखा चढवला नाही. परवानगी कोणाची होती, हा प्रश्न वेगळा. फसवणूक तरी नव्हती.

आमच्या मराठीत बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद यांनी भाड्याच्या वाचनालयांत पिढ्यान् पिढ्या रांगा लावल्या. त्यांचे नायक पुढे चालवायला इथे तुमच्यासारख्या कंपन्या उभ्या राहिल्या नाहीत. कधी वाईट वाटतं, कधी वाटतं बरंच झालं. काळा पहाड आज कोणी लिहायला घेतला तर मी पहिली प्रत घेईन, मात्र ती लिहिणाऱ्याने आपलं नाव लावलेलं असलं पाहिजे आणि अर्नाळकरांची भाषा चोरलेली नसली पाहिजे.

एक गोष्ट तुमच्या वकिलांनी तुम्हाला सांगितली असेलच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतात. फ्लेमिंग यांच्या हयातीत छापलेली बाँडची पुस्तकं १ जानेवारी २०२५ पासून इथे मोकळी झाली आहेत. ब्रिटनमध्ये सत्तर वर्षं, म्हणजे २०३४ सरेपर्यंत तुमचं राज्य. ट्रेडमार्कची भानगड वेगळी, ती तुम्ही सोडणार नाहीच. पण उद्या कोणी मराठी लेखिकेने त्या जुन्या कथांतला बाँड एखाद्या पावसाळ्यात मुंबई बंदरावर उतरवायचा ठरवला, तर कॉपीराइटच्या नावाने तिला अडवणं तुम्हाला इथे जड जाईल. तिच्याशी स्पर्धा करायची वेळ आली तर फ्लेमिंगची नक्कल तुमच्या कामी येणार नाही, कारण नक्कल तीही करू शकेल. तुमच्याजवळ राहील ते लेखक निवडण्याचं तारतम्य.

म्हणून काम देताना त्या माणसाला 'तुम्हाला मूळ लेखकासारखं लिहिता येईल का' असं विचारू नका. त्या मालिकेतलं काय तुम्हाला झोपू देत नाही, ते विचारा. उत्तर आलं नाही तर चहा पाजून परत पाठवा. दर वर्षी एक असा करार करू नका. अँथनी होरोविट्झ यांनी तीन बाँड लिहायला २०१५ ते २०२२ एवढा वेळ घेतला आणि तिन्ही फ्लेमिंगच्या पुस्तकांच्या मधल्या किंवा लगतच्या जागांत बसवले, एकही गळा आवळून केल्यासारखा वाटत नाही. मूळ लेखकाने घर आवरून ठेवलं असेल तर तिथे जाऊ नका, बोर्नला आता पेन्शन द्या. आणि बायका मारायच्याच असतील तर पुस्तकाच्या आत मारा, वाचकासमोर.

मुखपृष्ठाचं राहिलं. जिवंत लेखकाचं नाव वर, मोठं, नायकाचं त्याखाली, आणि 'मूळ निर्मिती अमुक यांची' ही ओळ तिसऱ्या जागी, हवी तर सोनेरी. उठाव द्यायचाच असेल तर ज्याने पानं लिहिली त्याच्या नावाला द्या. छपाईचा खर्च तेवढाच येतो.

कळावे,

आपली,
फाउंटनच्या फुटपाथवरची एक जुनी गिऱ्हाईक